पेठेचा हरवलेला जिना

अध्यक्षमहोदय, वाचनालयाच्या कार्यकारिणीचे सदस्य आणि म्हापसेकर बंधुभगिनींनो,

‘जुन्या बाजारपेठेचे पुनरुज्जीवन : पाच उपाय’ असा विषय निमंत्रणपत्रिकेवर छापला आहे आणि ते पाचही उपाय मी आज मांडणार आहे. त्याआधी रोग कोणता, याविषयी आपले एकमत व्हायला हवे. गेली तीस वर्षे मी जुन्या घरांची मोजमापे घेण्याचे आणि त्यांची दुरुस्ती करण्याचे काम करतो. त्या अनुभवावरून माझे ठाम मत झाले आहे की आपली पेठ वरून खाली मरत आली आहे. आधी वरच्या मजल्यावरचे घर बंद झाले, मग सज्जा पडला, मग कौले गळू लागली आणि सर्वांत शेवटी खालच्या दुकानाचे गिऱ्हाईक तुटले. आपण मात्र औषध नेहमी तळाशीच, रस्त्यालाच लावत आलो.

शुक्रवारचा बाजार आजही गजबजतो, हे मला मान्य आहे. मयड्याची केळी, हरमलची मिरची, डिचोलीची मडकी घ्यायला बार्देशाबाहेरूनही माणसे येतात, आणि मिलाग्र सायबिणीच्या फेस्ताला, म्हणजे चर्चच्या जत्रेला, पावसाळ्याचे पुरुमेंत, म्हणजे बेगमी, भरायला येणाऱ्यांची संख्याही कमी झालेली नाही. पोर्तुगीज राजवटीच्या अखेरच्या वर्षांत बांधलेले आपले मार्केट त्याच्या आखीव रांगांमुळे अजून तग धरून आहे. मी बोलतो आहे ते त्याच्या पाठीमागच्या जुन्या पेठेविषयी, जिथे खाली दुकान आणि वर घर अशी दुमजली चिरेबंदी घरे एकमेकांना खेटून उभी आहेत. तिथे आज रात्री आठनंतर एकाही वरच्या खिडकीत दिवा दिसत नाही.

यातील एका घराची हकीकत मला सविस्तर सांगायची आहे, कारण ते माझ्या मामांचे घर होते. खाली त्यांचे कापडाचे दुकान होते. दुकानाच्या डाव्या अंगाला रस्त्यावर उघडणारे वेगळे दार होते आणि त्या दारातून फणसाच्या लाकडाचा अरुंद जिना वर जात असे. बाहेरगावच्या बायका गुरुवारी संध्याकाळच्या शेवटच्या बसने माल घेऊन येत आणि पेठेतच रात्र काढत. मामी त्यांच्यासाठी जिन्याखाली पाण्याची घागर भरून ठेवत असे. शुक्रवारी न खपलेला माल, रिकाम्या पाट्या, वजनमापे हे सगळे त्याच जिन्याखाली पुढच्या आठवड्यापर्यंत राहत असे. त्याबद्दल कोणी कधी भाडे मागितले नाही आणि काही हरवल्याचेही मला आठवत नाही. पालिकेला सोपो, म्हणजे बाजारात बसण्याचा कर, देऊन या बायकांना बसायची जागा मिळे. पण पाणी, आडोसा आणि माल ठेवायची सोय त्या जिन्यामुळे होई. पेठेत असे पुष्कळ जिने होते.

मामा वारल्यावर दुकान भाड्याने दिले गेले. काही वर्षांनी भाडेकरूला काचेची कपाटे लावायला जागा कमी पडू लागली आणि त्याने जिन्याची जागा मागितली. मामी तोवर थोरल्या मुलाकडे खोर्लीत राहायला गेली होती, वरचा मजला रिकामाच होता, आणि भाड्यात थोडी वाढ मिळत होती. त्यामुळे जिना काढण्यास कोणी हरकत घेतली नाही. लाकूड सुताराने नेले, दार चिऱ्यांनी बुजवले आणि त्याच्या जागी काचेमागे साड्या उभ्या राहिल्या. त्या दिवशी त्या घराचा वरचा मजला पेठेतून नाहीसा झाला, असे मी मानतो, कारण पुढे तो कोणाला राहायला द्यावा असे मनात आले असते तरी वर जाणार कुठून? दुकानदाराचे यात मुळीच चुकले नाही. त्याने आपल्या धंद्याची गरज पाहिली. पण रांगेतल्या प्रत्येक दुकानदाराने हीच गरज पाहिली आणि तीस-चाळीस वर्षांत पेठेने आपले जिने गिळून टाकले.

पुढे इन्व्हेंटरीच्या, म्हणजे वारसांमधील वाटणीच्या न्यायालयीन प्रक्रियेच्या, कामासाठी मीच त्या घराची मोजणी करायला गेलो, तेव्हा मागच्या अंगणातून शिडी लावून वर चढावे लागले. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी होणारी शाकारणी थांबली होती. दोन कौले सरकली होती, एवढ्यानेच केवढा अनर्थ झाला होता! पाणी आधी रिपांत, मग वाशांत मुरले आणि तिथून भिंतीत उतरले. आपल्या जुन्या भिंतींचे चिरे मातीत किंवा चुन्यात बसवलेले असतात. वरून पाणी शिरले की आतली माती धुपून जाते, आणि बाहेरून कोणी सिमेंटचा गिलावा केला असेल तर ओल बाहेर पडायला वाटही राहत नाही. मामींच्या स्वयंपाकघराच्या भिंतीत मी हात घातला तो कोपरापर्यंत आत गेला.

त्या घराचा सज्जाही तोवर गेला होता. त्याचा एक तुकडा रस्त्यावर पडला, म्हणून उरलेला धोकादायक ठरवून पाडण्यात आला. सज्ज्यांना आपण शोभेची वस्तू समजतो, पण गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि ओळीने पुढे आलेले हे सज्जे म्हणजे त्या पावसात पायी चालणाऱ्याच्या डोक्यावरचे छप्पर होते. आषाढात पेठेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत छत्री न उघडता जाता येत असे. वरची माणसे गेली, सज्जे पडले आणि त्यांच्या जागी निळी ताडपत्री आली. भर पावसात तिच्या टोकाशी साचलेले पाणी अंगावर ओतून घेत कोण खरेदीला येईल?

आता आपण वर्षानुवर्षे केलेल्या उपचाराकडे पाहू. माझ्या लहानपणी मामांच्या दुकानात चढायला तीन पायऱ्या होत्या. जुना थर न खरवडता रस्त्यावर दर काही वर्षांनी डांबराचा नवा थर चढत गेला आणि पायऱ्या एकेक करून बुडाल्या. त्यानंतर सुशोभीकरणाची योजना आली. डांबरावर फरसबंदी झाली, नक्षीदार दिवे आले, फुलझाडांच्या कुंड्या आल्या आणि गटाराची झाकणे उंबरठ्याच्याही वर गेली. पहिल्या मोठ्या पावसात पाणी दुकानांत शिरले. दुकानदारांनी दारातच विटांचे बांध घातले आणि ते ओलांडता येत नाहीत म्हणून वयस्क गिऱ्हाईक आत येईनासे झाले. मी लेखी कळवले होते, रस्त्याची पातळी काढून दाखवली होती, नकाशाही जोडला होता. उत्तर आले नाही. काम कोणत्या खात्याचे होते, ते इथे सांगण्याची गरज नाही. बुडालेले उंबरठे अजून तिथेच आहेत आणि कुणालाही दिसतील. मला याचा संताप येतो, आणि तो मी लपवत नाही. जो पैसा कौलांवर आणि वाशांवर खर्च झाला असता तर पेठ वाचली असती, त्याच पैशाने तिचे उंबरठे बुडवले.

वरचे मजले बंद का पडतात, हा प्रश्न नुसत्या बांधकामाचा नाही. आपल्याकडे १८७० पासून लागू असलेल्या पोर्तुगीज नागरी संहितेने मुलींना वारसा दिला, पतिपत्नींची मालमत्ता सामाईक मानली आणि मृत्युपत्राने कोणालाही अर्ध्याहून अधिक संपत्तीपासून मुलांना वंचित ठेवता येणार नाही, अशी तजवीज केली. हा न्याय्य कायदा आहे आणि मला त्याचा अभिमान वाटतो. पण त्याचा घरावर होणारा परिणामही पाहिला पाहिजे. मामांचे वारस सहा. त्यांतील पाच विवाहित, आणि मालमत्ता सामाईक असल्याने जोडीदाराचीही संमती लागते, म्हणून अकरा सह्या. एक खोर्लीत, एक बेळगावात, एक पुण्यात, दोघे मुंबईत आणि एक पोर्तुगीज पासपोर्ट घेऊन इंग्लंडातील स्विंडनला. भांडण कोणाचेच कोणाशी नाही. केवळ अकरा माणसे एका वेळी एका कागदापाशी येत नाहीत, म्हणून कौल बदलायचे राहते. २०१२ साली विधानसभेने वारसा आणि इन्व्हेंटरीविषयी नवा कायदा केला आणि तो २०१६ च्या डिसेंबरात अमलात आला, पण तोही वाटणीचा कायदा आहे. वाटणी होईपर्यंतच्या वर्षांत कौले कोणी परतायची, हा प्रश्न पावसाला थांबवून ठेवता येत नाही.

त्यात भर पडली ती १९६८ च्या भाडेनियंत्रण कायद्याची. भाडेकरूला एकाएकी रस्त्यावर काढता येऊ नये, हा त्यामागचा हेतू योग्यच होता. पण मुंबईत १९४७ च्या भाडेकायद्यानंतर गिरगाव-काळबादेवीत जे झाले, तेच लहान प्रमाणात इथे झाले. भाडे जागच्या जागी राहिले, दुरुस्तीचा खर्च वाढत गेला, आणि एकदा दिलेली जागा परत मिळणार नाही या भीतीने मालकाने वरच्या मजल्याला कुलूप घालणे पसंत केले. ही भीती आजही कायम आहे.

अध्यक्षांकडून चिठ्ठी आली आहे. माझ्या हातात दहा मिनिटे उरली आहेत आणि पाचही उपाय अजून सांगायचे आहेत. ते मी आता भराभर मांडतो.

पहिला उपाय अर्थातच जिन्याचा. प्रत्येक दुकानातून जिन्याची जागा परत मागणे व्यवहार्य नाही. मात्र दोन घरांमध्ये किंवा मागील अंगणांत जिथे जागा आहे, तिथे तीन-चार घरांना मिळून एक सामाईक जिना आणि वर जोडसज्जा बांधता येईल. यासाठी मागच्या गल्लीतून वाट मोकळी ठेवण्याची तरतूद शहराच्या विकास आराखड्यातच हवी.

दुसरा उपाय मालकाच्या भीतीवर आहे. इंग्लंडमध्ये यॉर्क शहरातून १९८० च्या दशकाच्या अखेरीस दुकानांवरची रिकामी घरे वापरात आणण्याची जी चळवळ सुरू झाली, तिचे मर्म असे होते की मालकाने थेट भाडेकरूशी करार करायचाच नाही. मधल्या गृहनिर्माण संस्थेने मालकाकडून ठरावीक मुदतीचा भाडेपट्टा घ्यायचा, तिनेच माणसे ठेवायची आणि मुदत संपल्यावर जागा मालकाला परत करायची. आपल्याकडे सहकारी संस्थांची परंपरा आहे. अशी एक संस्था पेठेसाठी निघाली, तर पेडे येथील जिल्हा रुग्णालयातील परिचारिका, शिक्षक, बँकेतील तरुण कर्मचारी, ज्यांना आज गावाबाहेर खोल्या शोधाव्या लागतात, ते पेठेत राहायला येतील. पर्यटकांच्या मुक्कामासाठी सगळे मजले देऊन टाकू नयेत, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. पणजीच्या फोंतेंयशमध्ये घरे सुंदर रंगली, पण दारापुढे चालणाऱ्या छायाचित्रणाला कंटाळून तिथल्या रहिवाशांना मनाईच्या पाट्या लावाव्या लागल्या. पाहुणा घागर भरून ठेवत नाही.

तिसरा उपाय वारसांसंबंधी. इन्व्हेंटरी चालू असताना मालमत्ता सांभाळणारा जो प्रशासक असतो, ज्याला जुनी माणसे काबेस-द-काझाल म्हणतात, त्याला छपराची दुरुस्ती करून तो खर्च वाटणीत वळता करण्याची आणि अशा संस्थेला मुदतीचा भाडेपट्टा देण्याची सोपी, स्पष्ट मुभा कायद्याने द्यावी, अशी मागणी आपण आपल्या आमदारांकडे केली पाहिजे. याच्याच जोडीला, जिथे वर माणूस राहतो त्या घराची घरपट्टी कमी आणि जिथे कुलूप आहे तिथे जास्त, असा फरक करावा.

चौथा उपाय रस्त्याचा. नवा थर घालण्यापूर्वी जुना खरवडलाच पाहिजे आणि दुकानाचा मूळ उंबरठा हीच पातळीची खूण मानली पाहिजे. दिल्लीच्या चांदणी चौकात २०२१ पासून सकाळी नऊ ते रात्री नऊ मोटारींना मज्जाव आहे आणि त्यामुळे चालणे सुखाचे झाले. पण वरच्या हवेल्यांची गोदामे झालेली असल्याने तेवढ्याने तिथे वस्ती परत आलेली नाही. याउलट अहमदाबादचा माणेकचौक पाहा. एकाच जागेत सकाळी भाजी, दुपारी सोनेचांदी आणि रात्री खाद्यपदार्थांचा बाजार भरतो. दिवसाच्या तिन्ही प्रहरी तिथे माणसे असतात, याला भोवतालच्या पोळांत, म्हणजे जुन्या दाट मोहल्ल्यांत, वस्ती टिकून आहे, हेही एक कारण मी मानतो.

पाचवा उपाय बाजारकार बायकांचा, आणि त्याला सर्वांत कमी वेळ उरला याचे मला वाईट वाटते. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांचे आणि त्यांतील एक तृतीयांश महिला असाव्यात, असे ठरवून दिले आहे. सर्वेक्षण पूर्ण होण्यापूर्वी कोणालाही उठवता येत नाही, हेही त्यातच आहे. पेठेच्या आराखड्यावर या समितीचे मत घेतल्याशिवाय एक वीटही हलू नये. आणि मी म्हटलेला सामाईक जिना जिथे बांधला जाईल, तिथे त्याच्याखाली नळ आणि माल ठेवण्याची कुलूपबंद खोली या बायकांसाठी असावी, हे नकाशात पहिल्याच दिवशी लिहिले जावे.

प्रश्नोत्तरांना वेळ नाही, असे अध्यक्ष सांगत आहेत. तेव्हा एकच विनंती करतो. पेठेत किती जिने उरले आहेत, किती बुजवले गेले आणि किती ठिकाणी मागून वाट काढता येईल, याची नोंद अजून कोणीही केलेली नाही. येत्या रविवारी सकाळी सात वाजता, दुकाने उघडण्यापूर्वी, आपण वाचनालयाच्या पायरीशी जमू आणि पहिल्या रांगेपासून मोजणीला सुरुवात करू. मामांच्या दुकानाच्या आजच्या भाडेकरूंनी मागच्या अंगणातून वर जायला परवानगी दिली आहे. ज्यांच्याकडे मोजपट्टी आणि विजेरी असेल त्यांनी ती आणावी. शिडी मी घेऊन येतो.