फाटकापाशी हात सोडताना

(दृश्य: जूनमधली सकाळ, राजारामपुरी. पावसाची झड. रिक्षातून उतरणारी लहान मुलं, ओले रेनकोट, दप्तरं.)

निवेदन :

जूनच्या मध्यावर शाळा उघडतात, तेव्हा कोल्हापुरात पावसानं बस्तान मांडायला सुरुवात केलेली असते. अंधारलेला वर्ग, पत्र्यावरचा पावसाचा आवाज, ओले मोजे आणि समोर तीस अनोळखी चेहरे. तीन-साडेतीन वर्षांच्या मुलाला हे सगळं एकाच सकाळी सोसायचं असतं.

राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. त्यामुळे मूल शाळेत घालायचं, हे इथल्या घरांना पटवून द्यावं लागत नाही. अलीकडे वाढली आहे ती घाई. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० पहिलीसाठी सहा वर्षं पूर्ण झालेली असावीत असं सांगतं. तरी तिसरं सरतं न सरतं तोच घरात चौकशी सुरू होते : एबीसीडी म्हणतो का? अंक किती येतात?

पहिल्या आठवड्यात यातलं काहीच उपयोगी पडत नाही. उपयोगी पडतं ते हे : घरच्या माणसांशिवाय दोन-तीन तास राहता येणं, ‘शू लागली’ हे नव्या बाईंना सांगता येणं, घसरगुंडीपाशी आपली पाळी येईपर्यंत थांबता येणं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे रडू आलं तर परक्या मोठ्या माणसाकडून समजूत काढून घेता येणं.

म्हणून नुसत्या रडण्यावरून मूल तयार नाही असं ठरवू नका. आई नजरेआड झाली की घाबरणं साधारण आठव्या महिन्यापासून सुरू होतं, दीड वर्षापर्यंत जोरात असतं आणि तिसऱ्या वर्षापर्यंत ओसरत जातं. नव्या जागी ते पुन्हा डोकं वर काढतं. जे मूल फाटकात भोकाड पसरतं आणि थोड्या वेळात बाईंच्या मांडीवर शांत होतं, त्याचं ठीक चाललं आहे. सकाळभर गप्प बसून डब्याला हात न लावणाऱ्या मुलाकडे मात्र जास्त लक्ष हवं. ते त्रास देत नाही, म्हणून नेमकं तेच नजरेतून सुटतं.

(दृश्य: पेठेतलं घर. सोप्यात आजी आणि नात.)

एकत्र घरातलं मूल आईविना दिवसभर आजीपाशी राहतं. त्यामुळे ‘आमच्याला सवय आहे की’ असं घरच्यांना वाटतं. पण आजी घरचीच. सराव हवा तो घराबाहेरच्या माणसाचा. मे महिन्यात शेजारच्या काकूंकडे आधी वीस मिनिटं ठेवा, मग तासभर, मग दोन तास. प्रत्येक वेळी सांगून निघा आणि कबूल केलेल्या वेळी परत या.

त्याच महिन्यात डब्याचाही सराव करून घ्या. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा मुलाच्या बोटांना आवरत नाही. जोर लावला की झाकण उडतं, पोहे सांडतात, बाकीची मुलं बघत राहतात. दुसऱ्या दिवसापासून मूल ‘भूक नाही’ म्हणतं. डबा क्लिपचा घ्या आणि घरी रोज त्यालाच उघडू द्या. चड्डी इलॅस्टिकची असावी, कारण बटणाशी झटापट होईतो उशीर होतो. घरी कमोड असेल तर उकिडवं बसायची सवयही आधीच लावा.

या वयाला चोवीस तासांत दहा ते तेरा तास झोप लागते. सुट्टीत अकराला झोपणारं मूल एका रात्रीत नऊला झोपणार नाही. दर दोन दिवसांनी वेळ पंधरा मिनिटं अलीकडे आणली, तर दोन-अडीच आठवड्यांत बसते.

(दृश्य: शाळेचं फाटक. मावशी मुलाचा हात धरून आत नेताहेत.)

आता फाटक. इथं सगळ्यांत जास्त चुकतं. मूल खेळण्यात रमलं की गुपचूप सटकायचं, ही सर्रास वापरली जाणारी युक्ती. त्यातून मूल एवढंच शिकतं की नजर हटली की आई जाते. मग ते खेळायला वळतच नाही, पदर धरून बसतं. त्यापेक्षा खाली वाका, डोळ्यांत बघून सांगा : ‘डबा खाल्लास, गाणी म्हटलीस, की मी आलोच बघ.’ ‘बारा वाजता’ म्हणून तीन वर्षांच्या मुलाला काही कळत नाही. डबा आणि गाणी कळतात. एक पापा, एक टाटा, हात बाईंच्या हातात, आणि निघा. खिडकीतून पुन्हा डोकावू नका, निवत आलेलं रडू परत उसळतं. न्यायला जाताना मात्र सुटायच्या पाच मिनिटं आधी पोहोचा.

‘थांब, बाईंना सांगतो’ असा धाक घरात कधीच घालू नका. रडू आल्यावर ज्यांच्याकडे जायचं, त्यांचीच भीती बसली तर मूल जाणार कुणाकडे?

घरी आल्यावर क्षुल्लक कारणावरून थयथयाट होतो. सकाळभर धरून ठेवलेलं तिथं सुटतं. आधी खाऊ द्या, जवळ घ्या. ‘रडलास का?’, ‘काय शिकवलं?’ ही सरबत्ती नको.

बहुतेक मुलं तीन-चार आठवड्यांत रुळतात. अधूनमधून कपडे ओले होणंही या दिवसांत चालायचंच. पण महिना उलटल्यावरही रडणं तसंच असेल, किंवा घरी पोपटासारखं बोलणारं मूल शाळेत अवाक्षर काढत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. अंगणवाडीतल्या मुलांची राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात वर्षातून दोनदा तपासणी होते. तेव्हा हे आपणहून सांगा, वजन-उंचीच्या घाईत ते राहून जातं.

गौरी-गणपतीच्या आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर रडणं दोन-तीन दिवस परत येतं. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. निरोप जूनसारखाच, तेवढाच थोडका ठेवा, आणि झोपेची वेळ सुट्टी संपायच्या चार दिवस आधीच जागेवर आणा.