लॉबीतला फोन

(दृश्य: रात्र. मोबाइलच्या पडद्यावर मीटिंगांची यादी. अंगठा ती वर सरकवतो, पुन्हा खाली आणतो.)

निवेदन:

दारूतून सुटायला एकमेकांना आधार देणाऱ्यांच्या मीटिंगांची यादी सापडायला पाच मिनिटं पुरतात. वार, वेळ, पत्ता, सगळं समोर. तरीही दारू सोडू पाहणारा माणूस ती कितीतरी रात्री नुसती चाळत राहतो. तिथं कुणी ओळखीचं निघालं तर? आपण खरंच एवढे हाताबाहेर गेलोय का? आणि मग नेहमीचं, सोमवारपासून बघू.

या अडखळण्याला कुणी हसू नये. "मला जमत नाहीये" असं स्वतःच्या तोंडाने म्हणायला जे बळ लागतं, तेच दारूने खाऊन टाकलेलं असतं.

म्हणून आधी एका फोनची गोष्ट.

11 मे 1935, शनिवार. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातलं अ‍ॅक्रन शहर, मेफ्लॉवर हॉटेल. लॉबीत बिल विल्सन येरझाऱ्या घालतोय. न्यूयॉर्कहून ज्या धंद्याच्या कामासाठी आला, ते फिसकटलंय. दारू सोडून जेमतेम पाच महिने झालेत. लॉबीच्या एका टोकाला बार आहे. दुसऱ्या टोकाला टेलिफोन, आणि शेजारी शहरातल्या चर्चची यादी.

तो फोनकडे वळला. यादीतल्या एका धर्मगुरूला फोन लावला, त्यांच्याकडून काही नावं मिळवली, मग त्या नावांमागे लागला. अखेर हेन्रिएटा सायबरलिंग या बाईंशी बोलणं झालं. बिल काय मागत होता ते नीट ऐकण्यासारखं आहे. तो म्हणत होता, मला दारूत अडकलेला एखादा माणूस भेटवा, मला त्याच्याशी बोलायचंय. मागच्या काही महिन्यांत त्याने अनेकांना दारूतून सोडवायची धडपड केली होती. त्यांच्यातलं कुणी सुटलं नव्हतं, पण त्या धडपडीत तो स्वतः प्यायला नव्हता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हेन्रिएटाबाईंच्या घरी डॉ. बॉब स्मिथ आले. पेशाने सर्जन, बायकोच्या आग्रहाखातर आलेले, आणि पंधरा मिनिटांवर थांबणार नाही असं आधीच बजावलेले. ते उठले तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेले होते. आपला आजार आतून ओळखणारा माणूस त्यांना पहिल्यांदाच भेटला होता.

त्यानंतर काही आठवड्यांनी डॉक्टर एका वैद्यकीय परिषदेला गेले आणि पुन्हा प्यायले. ही गोष्ट सांगताना हा तपशील गाळू नये, असं मला मनापासून वाटतं. शेवटची दारू त्यांनी 10 जून 1935 रोजी घेतली. या दोघांपासून सुरू झालेल्या, अशा मीटिंगा भरवणाऱ्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या संघटनेचा, म्हणजे ए.ए.चा, स्थापनादिवस तोच मानतात.

(दृश्य: रिकामी खोली. कुणीतरी एकेक खुर्ची गोलात मांडतंय.)

आज ए.ए.च्या हेल्पलाइनला फोन केलात, तर पलीकडचा माणूस पुष्कळदा स्वतः त्यातून गेलेला असतो. आपण त्याला त्रास देतोय असं तुम्हाला वाटतं. पण त्यालाही तुमच्याशी बोलण्याची गरज असते, त्या लॉबीतल्या बिलसारखीच.

यादीत दोन शब्द दिसतील. ओपन मीटिंगला कुणीही येऊ शकतं, सोबत नातेवाईक आले तरी चालतात. क्लोज्ड मीटिंग फक्त दारू सोडायची इच्छा असलेल्यांसाठी. ती इच्छा हीच सभासद होण्याची एकमेव अट, फी नाही. खर्चासाठी पेटी फिरते, नवीन माणसाने तिच्यात काही टाकायलाच हवं असं नाही. बाहेर पडणं कठीण असेल तर ऑनलाइन मीटिंगा आहेत, तिथं कॅमेरा बंद ठेवून नुसतं ऐकताही येतं. ए.ए.तली देवाधर्माची भाषा ज्यांना रुचत नाही, त्यांच्यासाठी स्मार्ट रिकव्हरीसारखे गट आहेत. आणि घरच्यांसाठी 1951 पासून अल-अनॉन आहे. पिणारा माणूस तयार नसला, तरी त्याच्या घरच्यांनी वाट बघत बसायची गरज नाही.

मात्र वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी दारू बंद करू नये, आधी डॉक्टरांना भेटावं. हात थरथरणं, घाम इथपासून ते फिट येणं, भ्रम होणं इथपर्यंत मजल जाते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हे जिवावर बेतू शकतं. मीटिंग औषधाची जागा घेत नाही.

मग मीटिंगने नेमकं होतं काय? 2020 मध्ये उपचारांवरचे अभ्यास पडताळून पाहणाऱ्या कोक्रेन या संस्थेने 27 अभ्यास एकत्र करून तपासले, त्यांत दहा हजारांवर लोक होते. पूर्णपणे दारूपासून दूर राहण्याच्या बाबतीत, माणसाला ए.ए.शी जोडून देणारे उपचार इतर मान्य उपचारांपेक्षा बहुधा सरस ठरले.

खोलीत मात्र आकडे नसतात. कुणी फक्त पहिलं नाव सांगतं, मग शेअरिंग सुरू होतं. लपवलेल्या बाटल्या, मुलांना दिलेले शब्द, न आठवणाऱ्या रात्री. एक बोलतो तेव्हा बाकीचे मधे तोंड घालत नाहीत, सल्ला देत नाहीत. तुमची पाळी आली आणि "आज फक्त ऐकतो" म्हणालात, तरी चालतं. पहिला गट कदाचित मानवणार नाही. तेव्हा दुसरीकडे जाऊन बघा, प्रत्येक गटाचा सूर वेगळा असतो. आणि घसरलात, पुन्हा प्यायलात, तरी परत या. डॉक्टर बॉबही परतले होते.

(दृश्य: पुन्हा तोच मोबाइल. अंगठा एका नंबरवर थांबतो.)

फोन लावाल तेव्हा पत्ता आणि वेळ तर विचाराच. आणखी एक विचारा: "मी पहिल्यांदाच येतोय. दारापाशी कुणी भेटेल का?"