खोकं उलटं करा

[दृश्य: कापसाचं वावर. ओळीत वाकलेल्या बाया. काट्याला लटकलेलं गाठोडं.]

दव सुकलं की बाया ओळीला लागतात. ओल्या कापसाला व्यापारी हात लावत नाही. एरंडोल तालुक्यातलं हे वावर, डिसेंबर महिना, तिसरी वेचणी. बोंडं आता बारीक झालीत, ओटी भरायला वेळ लागतो.

संध्याकाळी काटा लागतो. वेचणीची मजुरी किलोला दहा रुपये. काट्याजवळ वही घेऊन उभी आहे ती यातल्याच एका मायची मुलगी, अकरावीतली. वहीत वजनं आहेत आणि वजनांच्या शेजारी वस्तू. चपला, पंचवीस किलो. बापाचा चष्मा, साठ किलो. शेवटच्या पानावर एकच ओळ आहे, पेनाने दोनदा गिरवलेली: मोबाईल, आठशे किलो.

२०२५-२६ चा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये आहे. म्हणजे ज्याचं वावर आहे त्याला आठ हजारांचा फोन एका क्विंटलला पडतो. वेचणारणीला तोच फोन आठ क्विंटलला पडतो.

[दृश्य: घर. खुंटीवर बापाचा सदरा, खिशात बटणांचा फोन.]

घरात फोन आहे, पण तो बापाच्या खिशात असतो. मायच्या आधारला जोडलेला नंबर पुतण्याचा. लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी आली तेव्हा ओटीपी पुतण्याच्या फोनवर गेला, आणि पुतण्या होता चाळीसगावला. आधारचा देशातला पहिला क्रमांक दिला गेला तो २९ सप्टेंबर २०१० रोजी, टेंभलीत. टेंभली आपल्याच खान्देशातलं, नंदुरबार जिल्ह्यातलं गाव. आज त्या क्रमांकाच्या मागे मोबाईल नंबर उभा आहे. तो नंबर बाईच्या स्वतःच्या हातात असावा म्हणून ही माय आज एक दिवसाची मजुरी सोडून जळगावच्या एसटीत बसली आहे.

[दृश्य: जळगाव, गोलाणी मार्केट. जिने, पाट्या, काचेची काउंटरं.]

गोलाणी मार्केट. गाळ्याला लागून गाळा, आणि जिकडे पाहावं तिकडे मोबाईल. मायने काउंटरवर पहिलं वाक्य उच्चारलं ते हे: "भाऊ, आठ हजारना वर एक रुपया नही."

दुकानातल्या मुलाने पाच मिनिटांत सात फोन मांडले. सगळे चकचकीत, सगळ्यांच्या पाठीवर मोठाली गोल भिंगं. खोक्यांवर ठळक आकडे. कॅमेरा ५० मेगापिक्सेल. बॅटरी ५,००० एमएएच. आणि एका खोक्यावर, सगळ्यात मोठ्या अक्षरांत, १२ जीबी रॅम.

आता पोरगी काय करते ते नीट पाहा. तिने खोकं उलटं केलं.

[दृश्य: खोक्याची मागची बाजू, जवळून. बारीक अक्षरांवरून फिरणारं बोट.]

ही फिल्म आम्ही या बोटासाठी केली आहे. पुढच्या बाजूला जे बारा आहे, ते मागे बारीक अक्षरांत चार अधिक आठ असं लिहिलंय. खरी रॅम चार. उरलेले आठ फोनच्या साठवणीतून उसने घेतलेले. रॅम म्हणजे स्वयंपाकाचा ओटा आणि साठवण म्हणजे धान्याची कोठी, असं धरा. ओटा भरला की काही भांडी कोठीत सरकवता येतात, पण भाकरी थापायची ती ओट्यावरच. कोठीत वाकून थापता येत नाही. उसन्या रॅमचं असंच आहे, ती चालते, पण हळू. म्हणून दुकानात विचारायचं ते असं: "खरी रॅम किती?"

आमचं मत स्पष्ट आहे. आठ हजारांत खरी ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवण याच्या खाली उतरू नये. २ जीबीचे फोनही मिळतात. त्यांच्यासाठी गूगलने अँड्रॉइड गो ही हलकी प्रणाली केली आहे, आणि नुसता फोन व व्हॉट्सॲप असेल तर ती पुरते. पण इथे एकाच फोनवर मायची बँक, बापाची पीक पाहणी, म्हणजे सातबाऱ्यावरची पिकाची नोंद, आणि पोरीचे धड्यांचे व्हिडिओ येणार आहेत. ६४ मधलेही सगळे ६४ आपल्याला मिळत नाहीत, दहा-बारा जीबी प्रणालीच व्यापते. म्हणून मेमरी कार्डाचा खाचा वेगळा आहे का, की दुसरं सिम काढून तिथे कार्ड घालावं लागतं, हेही तो ट्रे बाहेर काढूनच पाहायचं. मुलाने पिन लावून ट्रे काढला. तीन खाचे. पोरीने मान हलवली.

बोट पुढे सरकतं. फोन कोणत्या महिन्यात तयार झाला, तेही खोक्यावर छापलेलं असतं. एका खोक्यावरचा महिना दोन वर्षांपूर्वीचा निघाला. फोन नवाच, पण सुरक्षा अपडेट कंपनी ठरावीक वर्षंच देते, आणि ती वर्षं फोन बाजारात आला तेव्हापासून धावत असतात. ते खोकं बाजूला गेलं.

आणि किंमत. छापील किमतीत सगळे कर धरलेले असतात. मोबाईलवरचा जीएसटी १ एप्रिल २०२० पासून १२ टक्क्यांवरून १८ टक्के झाला, तो आजही तेवढाच आहे. ७,८०० रुपयांच्या फोनमध्ये जवळजवळ १,१९० रुपये कराचे. वहीच्या हिशेबाने ११९ किलो कापूस.

[दृश्य: पोरगी कॅमेऱ्याच्या एकेका भिंगावर बोट ठेवते. पडद्यावर मायचा चेहरा.]

पाठीवर तीन गोल आहेत. पहिल्यावर बोट ठेवलं, पडदा काळा. दुसऱ्यावर ठेवलं, माय जशीच्या तशी दिसते. तिसऱ्यावर ठेवलं, तरी दिसते. या किमतीच्या फोनमध्ये काम करणारं भिंग बहुतेक वेळा एकच असतं. ही परीक्षा पोरीला कोणी शिकवलेली नाही.

५जीचं थोडक्यात. देशात ५जी १ ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालं, आणि आता दहा हजारांच्या आतही ५जी लिहिलेले फोन येतात. त्यातल्या काहींत ५जीचा स्टँडअलोन हा एकच प्रकार चालतो, आणि आपल्या सिमकंपनीचं जाळं दुसऱ्या प्रकारचं असेल तर तो फोन ४जीवरच राहतो. गावात ५जीचा टॉवर नसेल तर त्या दोन अक्षरांसाठी रॅम कमी करून घेऊ नये. मायने ४जी घेतला.

[दृश्य: मार्केटबाहेर, भर दुपार. तीन फोन उन्हात धरलेले.]

दुकानाच्या ट्यूबलाइटखाली प्रत्येक पडदा सुंदर दिसतो. वावरात ट्यूबलाइट नाही. मायने मुलाला विचारलं, बाहेर नेऊ का? तो तीन फोन घेऊन स्वतः बाहेर आला. उजेड पूर्ण वाढवला. पहिल्या फोनवर पोरीचं वाक्य ऐका: "माय, उनमा काहीच दिसत नही." दुसऱ्यावर अक्षरं दिसतात, हाताची सावली केली तर. तिसऱ्यावर सावलीशिवाय दिसतात. ई-पीक पाहणीत वावरात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा असतो, भर उन्हात. त्यासाठी हाच तिसरा.

दुकान सोडून उन्हात उभं राहायचा हा हक्क गिऱ्हाइकाचा आहे. आठशे किलो वेचलेल्या बाईचा तर आहेच.

[दृश्य: वरच्या मजल्यावरचं जुन्या फोनांचं दुकान.]

वर जुने फोन मिळतात. एक चांगल्या कंपनीचा, पाच हजार. पोरीने स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबलं, पंधरा आकडी आयएमईआय नंबर, म्हणजे त्या फोनचा ओळख क्रमांक, आला. केवायएम ही तीन इंग्रजी अक्षरं, मग जागा सोडून तो नंबर, असा संदेश १४४२२ वर पाठवला की फोन नोंदीतला आहे की बंद केलेला, हे कळतं. हा नोंदीतला निघाला. पण अपडेट थांबलेले, आणि बॅटरी आमच्यासमोर दहा मिनिटांत नऊ टक्के उतरली. माय-लेकी परत खाली आल्या.

हप्त्याने घेणार का, असं विचारल्यावर मायने नुसती कमरेची पिशवी दाखवली.

[दृश्य: काउंटर. नवीन फोनमध्ये सिम. फोन लागतो.]

पैसे मोजण्याआधी सिम घालून बोलून पाहायचं. आवाज, स्पीकर, माइक, व्हिडिओ, सगळं एकाच कॉलमध्ये कळतं. थोरला मुलगा सुरतला लूमवर आहे. माय म्हणाली, "सुरतले लाव."

[निवेदन नाही. मूळ आवाज. १ मिनिट ४० सेकंद.]

बिल. बिलावर आयएमईआय लिहून घ्यायचा आणि खोक्यावरच्या नंबराशी आकडा आकडा जुळवायचा. पोरगी वाचते, दुकानातला मुलगा खोक्यावर पाहतो. दुकानाचा शिक्का, तारीख. आजकाल काही खोक्यांत चार्जर नसतो, म्हणून खोकं तिथेच रिकामं करून पाहिलं. चार्जर होता. त्याची आणि केबलची हमी फोनपेक्षा कमी महिन्यांची असते, तीही बिलावर लिहून घेतली. ७,८०० रुपये. सगळ्या नोटा मायने स्वतः मोजल्या, आणि दुकानदाराने पुन्हा मोजल्या तेव्हाही तिचं बोट सोबत चाललं.

[दृश्य: परतीची एसटी. खिडकी. मांडीवर खोकं.]

आधार केंद्रावर मायच्या आधारला तिचा स्वतःचा नंबर जोडून झाला. घरच्या दीड एकरातल्या हरभऱ्याची नोंद याच फोनवरून गेली.

[दृश्य: रात्र. पत्र्याचं घर. फोन चार्जिंगला, शेजारी मातीचा ओला माठ.]

दुकानातल्या मुलाने शेवटी एक गोष्ट सांगितली होती, ती माय रोज पाळते. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या आसपास जातो, आणि पत्र्याखाली त्याहून जास्त. तापलेल्या फोनला चार्जिंग लावलं की बॅटरी लवकर जाते. म्हणून आतापासूनच सवय लावली आहे: उशीखाली नाही, चुलीजवळ नाही, पत्र्याला लागून नाही. माठाशेजारी, जमिनीवर, रात्रीच्या गारव्यात.

खोकं कोठीवर आहे. बिल घडी करून त्यातच. वहीत मोबाईलची ओळ खोडलेली आहे, आणि खाली नवी लिहिली आहे: बारावीची पुस्तकं, एकशे चाळीस किलो.