ओहोटीला उभी राहणारी बोट

मे महिन्यात खडकवासल्याचं पाणी मागे जातं आणि काठाला मऊ चिखल उघडा पडतो, तिथे आम्ही दोन छोटी मॉडेल्स ठेवलीत. बोट सेमच, फक्त एकीच्या पोटाखाली मधोमध एक खोल कील, म्हणजे बुडाखाली पाण्यात उतरणारं उभं पातं, आणि दुसरीला दोन बाजूंना दोन आखूड कील. आता हात सोडतो. बघा, पहिली लगेच कुशीवर पडली, दुसरी आहे तशी उभी.

इंग्लंडमधली कितीतरी छोटी बंदरं ओहोटीला पार कोरडी पडतात, म्हणून तिथे ह्या ट्विन कीलवाल्या शिडाच्या बोटी खूप चालल्या. वेस्टर्ली सेंटॉर हे त्यातलं सगळ्यात गाजलेलं मॉडेल, १९६९ ते १९८० मध्ये २४०० च्या वर बनल्या, लांबी २६ फूट आणि तरंगायला पाणी लागतं जेमतेम ३ फूट! दोन्ही कील खाली जाताना जरा बाहेर फाकलेल्या असतात, त्यामुळे वाऱ्याने बोट कलली की खालच्या बाजूची कील सरळ होते आणि पाणी धरते, मला तर ही आयडिया फारच आवडते.

वाऱ्याच्या तोंडावर जाताना मात्र चांगली सिंगल कील हिला मागे टाकते, दोन कील म्हणजे पाण्याचं घर्षणही जास्त. आणि ओहोटीला तळाला टेकताना लाटा असतील तर बोट आपटते, सगळा मार कील जिथे बॉडीला जोडलीय तिथे बसतो, जुनी बोट घेताना पहिले तोच जॉइंट तपासायचा.

ताम्हिणी उतरून कोकणात गेलं की ही बोट आपल्याकडे हवी असं फार वाटतं. मुंबईला उधाणाच्या भरती-ओहोटीत जवळपास ५ मीटरचा फरक पडतो, खाली मालवणकडे तो कमी होत जातो, पण खाड्यांच्या तोंडाशी वाळू आणि आत चिखल सगळीकडेच. मराठ्यांची गलबतं उथळ बुडाचीच होती ना, मोठी जहाजं बाहेर अडायची आणि ही खाडीत आत शिरायची.

टेकवायची जागा आधी ओहोटीला चालत जाऊन बघायची, खडक नको, खड्डा नको, कारण एक कील खड्ड्यात गेली की बोट तिरकी बसते. आणि अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी अगदी टोकाला असताना टेकवायची नाही, पुढच्या भरत्या रोज थोड्या कमी येत जातात आणि बोट पुढच्या उधाणापर्यंत, म्हणजे जवळजवळ दोन आठवडे, तिथेच बसून राहते.