मिथेनची रेघ थांबली होती, मग परत का चढली?

स्क्रीनवर ही जी रेघ दिसतेय ना, ती हवेतल्या मिथेनची, म्हणजे पृथ्वी तापवणाऱ्या एका गॅसची, १९८३ पासूनची. आधी सरळ वर जाते, मग १९९९ ते २००६ चक्क सपाट, सगळ्यांना वाटलं चला सुटलो, आणि २००७ ला परत जी चढायला लागली ती अजून चढतेच आहे. १७५० च्या सुमाराला हवेच्या एक अब्ज रेणूंमागे मिथेनचे ७३० च्या आसपास होते, २०२३ मध्ये १९२० च्या वर. अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेली ८ लाख वर्षांची हवा तपासली तर त्यात कधी ८०० च्या फार पुढे गेल्याचं सापडत नाही.

मग २००७ नंतर काय झालं? इथे एक भारी पुरावा आहे. जड कार्बन, म्हणजे कार्बन-१३, सूक्ष्मजीवांनी बनवलेल्या मिथेनमध्ये कमी असतो, आणि हवेतल्या मिथेनमध्ये नेमका तोच कमी होत चाललाय. म्हणजे वाढीतला मोठा हिस्सा दलदली, गुरं, कचरा, भातशेती असल्या ठिकाणचा. गॅसच्या गळक्या पाइपलाइनी आणि कोळशाच्या खाणी यातून सुटल्या असं मात्र समजू नका.

इगतपुरीकडे आवणीच्या दिवसात खाचरात पाय घाला, चिखलातून बुडबुडे येतात बघा, त्यात मिथेन असतो, कारण पाण्याखाली ऑक्सिजन पोचत नाही आणि तिथले जंतू कुजकं खाऊन हाच गॅस सोडतात. गाईच्या पोटातही तेच, आणि तो बहुतेक ढेकरेतून येतो, लोक समजतात तिकडून नाही!

लॉकडाऊनमध्ये नाशिकचा कॉलेज रोड सुनसान होता ना, तेव्हा २०२० ला मिथेन अब्जामागे १५ रेणूंनी आणि २०२१ ला जवळपास १८ ने वाढला, रेकॉर्डच. गाड्यांच्या धुरातले नायट्रोजन ऑक्साइड घटले, त्यामुळे मिथेनला खाणारे हवेतले हायड्रॉक्सिल रेणूही घटले, हे त्यातलं एक कारण, दुसरं म्हणजे उष्ण कटिबंधातल्या दलदलींत साचलेलं जास्तीचं पाणी.

खाचरातलं पाणी मध्येमध्ये काढलं तर मिथेन कमी सुटतो, पण घाटमाथ्यावरच्या आषाढात काढणार कुठे! त्यापेक्षा कचऱ्याचं सोपं. घंटागाडीतला ओला कचरा बंद टाकीत कुजवायचा, गॅस जाळून वीज करायची, नाशिक महापालिकेने विल्होळीला तसा प्लांट केलाय. जाळल्यावर कार्बन डायऑक्साइड होतोच, पण २० वर्षांच्या हिशेबात मिथेन त्याच्या ८० पट तापवतो, त्यामुळे हा सौदा परवडतो.