तीन प्राणी

(पडदा काळा. मोबाईलवर बोट टेकल्याचा आवाज. मग रंग.)

फिलिपिन्समधलं कबानातुआन. मनिलाच्या उत्तरेला, भातशेतीच्या मुलखातलं शहर. २०२० च्या टाळेबंदीत इथली रोजची कमाई आटली. त्याच दिवसांत घरोघरी मोबाईलवर गुबगुबीत प्राण्यांच्या झुंजी सुरू झाल्या. गेमचं नाव अ‍ॅक्सी इन्फिनिटी. बनवणारी कंपनी व्हिएतनामची, स्काय मेव्हिस.

झुंज अशी. तुमचे तीन प्राणी, समोरच्याचे तीन. हातात पत्ते येतात. आत्ता वार करायचा की ताकद पुढच्या फेरीसाठी राखायची, ते तुम्ही ठरवायचं. जिंकलात की एसएलपी नावाची क्रिप्टो नाणी मिळतात, आणि ती विकली की हातात खरे पेसो. त्या पेसोंत तांदूळ आला, औषधं आली, थकलेली बिलं भरली गेली. या लोकांना कुणी नावं ठेवू नयेत. काम बंद पडलेल्या घरात चूल पेटती ठेवली ती या गेमनं.

पण खेळायचं तर आधी तीन प्राणी विकत घ्यावे लागत. मागणी वाढली तशी त्यांची किंमत शेकडो डॉलरवर गेली. मग ज्यांच्याकडे पैसा होता त्यांनी प्राणी घेतले आणि खेळायला दुसऱ्यांना दिले. जमीन वाट्यानं कसायला द्यावी, तसं. खेळणाऱ्याला म्हणायचे ‘स्कॉलर’. कमाईतला ठरलेला हिस्सा मालकाचा.

२०२१ च्या नोव्हेंबरपर्यंत रोज खेळणाऱ्यांची संख्या पंचवीस लाखांच्या वर गेली होती.

(पडद्यावर एसएलपीच्या भावाचा आलेख, आधी चढता.)

आता त्या नाण्याकडे जरा जवळून पाहू. ते गेममध्ये खपायचं कुठे? मुख्यतः एकाच ठिकाणी: दोन प्राण्यांपासून तिसरा जन्माला घालताना. हा तिसरा प्राणी घेणार कोण? नवा खेळाडू. म्हणजे जुन्याची मजुरी नव्याच्या खिशातून. नवे येत होते तोवर चाक फिरलं. जुलै २०२१ मध्ये एका एसएलपीचा भाव तीस सेंटच्या वर गेला होता. सहा महिन्यांत तो सेंट-दोन सेंटवर आला. दिवसभर बोटं झिजवली तरी हाती चिल्लर. लोक निघून गेले, आणि त्यांचं काहीच चुकलं नाही. ते कामावर आले होते. पगार थांबला, माणसं थांबली नाहीत.

त्यात २३ मार्च २०२२ ला गेमचे पैशाचे व्यवहार जिथे होत, त्या रोनिन नेटवर्कवर दरोडा पडला. व्यवहार मंजूर करणाऱ्या नऊ डिजिटल किल्ल्यांपैकी पाच चोरांच्या हाती लागल्या, साठ कोटी डॉलरहून अधिक रक्कम गेली, आणि चोरी उघडकीला यायला सहा दिवस लागले. अमेरिकेच्या एफबीआयनं बोट दाखवलं ते उत्तर कोरियाच्या हॅकरांकडे.

ज्यांना आपण गेमर म्हणतो, रात्र रात्र जागून, स्वतःचे पैसे घालून खेळणारे, ते या सगळ्यात कुठे होते? लांबच. ऑक्टोबर २०२१ मध्ये स्टीम या कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानानं क्रिप्टोवर चालणारे असे गेम घेणं बंद केलं. डिसेंबरमध्ये युबिसॉफ्ट या गेम कंपनीनं गेममधली शिरस्त्राणं, बंदुका, विजारी क्रमांक घालून आणल्या, एनएफटी म्हणून, म्हणजे मालकीची नोंद असलेल्या, विकता येणाऱ्या डिजिटल वस्तू म्हणून. घोषणेच्या व्हिडिओवर नापसंतीचा पाऊस पडला. त्याच महिन्यात ‘स्टॉकर २’ या गेमच्या निर्मात्यांनी एनएफटीचा बेत जाहीर केला आणि दोन दिवसांत मागेही घेतला.

हा राग तंत्रज्ञान न कळल्याचा आहे, असं क्रिप्टोवाले म्हणत. मला ते पटत नाही. या खेळाडूंनी हे आधी भोगलेलं आहे. २०१२ मध्ये ‘डायब्लो ३’ या गेममध्ये खऱ्या पैशांचा लिलावबाजार सुरू झाला. राक्षस मारून तलवार मिळवण्यात जी थरथर असते, ती संपली. तलवार बाजारात तयार मिळू लागली. २०१४ मध्ये गेम बनवणाऱ्या ब्लिझर्डनं स्वतःच तो बाजार बंद केला.

(पुन्हा मोबाईल. तीन प्राणी, हिरवं मैदान.)

एप्रिल २०२२ मध्ये स्काय मेव्हिसनं ‘अ‍ॅक्सी ओरिजिन’ आणला. नव्या खेळाडूला पहिले तीन प्राणी फुकट. क्रिप्टोचं पाकीट उघडा, त्याचे बारा गुप्त शब्द कागदावर उतरवून जपा, यातलं काहीही आधी करायला नको. गेम उघडायचा, पत्ता टाकायचा.

हे तीन प्राणी विकता येत नाहीत. त्यांच्यापासून चौथा जन्माला घालता येत नाही. त्यांना घेऊन फक्त खेळता येतं.

(पत्ता पडल्याचा आवाज.)