बारा आणे दुखतंय

सोलापुरातल्या अशोक चौकाच्या मागची ही गल्ली. सकाळपासून यंत्रमागाचा खडखडाट चालू, घरात बोलायचं म्हटलं तरी आवाज चढवावा लागतो. आज्जी मात्र बोलतच नाही फारशी. जन्मभर बिड्या वळल्या, पानं कापायची कात्री अजून उशाशी असते, आणि आता गालाचा कॅन्सर.

नर्स विचारते, आज्जी, दहापैकी किती दुखतंय? आज्जीला हे दहाचं गणित पटत नाही. "बारा आणे दुखतंय बघ." नर्स हसते, हिशोब करते, वहीत लिहिते साडेसात.

सात किंवा वर म्हणजे तीव्र, आणि एवढं एक कारण पॅलिएटिव्ह केअरकडे, म्हणजे दुखणं आणि त्रास कमी करणाऱ्या उपचारांकडे, पाठवायला पुरतं. 2016 साली जगभरातल्या 60 तज्ज्ञांनी मिळून अशी 11 कारणं ठरवली. त्यात जीव नकोसा होणं आहे, मणक्यात गाठीचा दाब येणं आहे, पहिली केमो लागू पडली नाही म्हणून दिलेल्या दुसऱ्या औषधांवरही आजार वाढणं आहे, आणि पेशंटनं स्वतः मागणं हेही आहे. "आता काही उपाय नाही" हे वाक्य त्या यादीत कुठंच नाही, आणि आपल्याकडं तर नेमकं त्याच वाक्याची वाट बघत बसतात.

मुलगा पण तेच म्हणालेला, "अजून चार केमो बाकी आहेत की, आत्ताच कशाला तिकडं?" त्याची काय चूक, त्याला कोणी सांगितलंच नव्हतं की दोन्ही सोबत चालतं. दोन महिने गेले त्यात, आज्जी सिद्धेश्वर एक्सप्रेसनं मुंबईला केमोला जायची ती रात्रभर गाल धरून बसून.

2010 मध्ये बॉस्टनमधला, फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या पुढच्या स्टेजच्या 151 पेशंटवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला, सुरुवातीपासून ही मदत मिळालेल्यांना त्रास कमी, उदासी कमी, आणि आयुष्यही थोडं जास्तच मिळालं, साधारण नऊच्या जागी साडेअकरा महिने.

मॉर्फिनचं, तीव्र दुखण्यावरच्या औषधाचं, नाव काढलं की घरात शांतता. सवय लागेल, झोपूनच राहील. डोस बेतानं वाढवला, दुखण्यापुरताच दिला तर तसं सहसा होत नाही, बद्धकोष्ठता मात्र हमखास, म्हणून पोट साफ व्हायचं औषध पहिल्या दिवसापासून सोबत.

पंधरा दिवसांनी नर्स परत आली. आज्जी आमटीत कडक भाकरी भिजवून, अगदी लगदा करून खात होती. किती दुखतंय?

"चार आणे. थांब, आधी खाऊ दे."